टॉर्कच्या आकड्याशेजारी ऑइलचा ग्रेडही छापा

प्रति,
टर्बो पेट्रोल इंजिनं आखणारे अभियंते, आणि त्या इंजिनांची तपशीलपत्रकं छापणारे कंपन्यांचे विक्री विभाग

विषय: इंजिनाला काय लागतं आणि ते किती टिकेल, हे तपशीलपत्रकातच लिहिण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी इंजिनं उघडून दुरुस्त करतो. तुमचं इंजिन माझ्यापुढे येतं ते बहुतेक वेळा वॉरंटी संपल्यावर, आणि मग हेड काढलेलं, चेंबर (खाली ऑइल साठतं तो भाग) उतरवलेलं असं ते टेबलावर असतं. सोबत गाडीचा मालक असतो आणि त्याच्या डोक्यात तुम्ही छापलेलं पत्रक पक्कं बसलेलं असतं. इतके पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), इतका टॉर्क (फिरवण्याचा जोर), इतकं मायलेज, सगळं त्याला तोंडपाठ. ऑइल कोणतं घालायचं हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. यात त्यांचा दोष मला फारसा दिसत नाही. टॉर्क तुम्ही पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलात, आणि ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये टायर बदलण्याच्या चित्रानंतर कुठेतरी.

टर्बो वाईट आणि साधं इंजिन चांगलं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन १५०० आरपीएमपासून १७० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि पुढे ४००० पर्यंत तो पडू देत नाही, हे मोठं काम आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी एक्झॉस्टच्या वायूवर कॉम्प्रेसर फिरवून सिलिंडरात जास्त हवा कोंबण्याच्या, म्हणजे टर्बोच्या, कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. ती कल्पना रोजच्या छोट्या गाडीत इतकी सहज नांदू लागली, त्याचं श्रेय तुमचंच. पण हा टॉर्क कुठून येतो तेही एकदा मालकाला सांगा. हिशेब सोपा आहे. टॉर्कला इंजिनाच्या लिटरने भागायचं, आलेल्या आकड्याला पुन्हा आठने भागायचं, की सिलिंडरातला सरासरी परिणामी दाब अंदाजे बारमध्ये मिळतो (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका). टर्बो नसलेलं दीड लिटरचं इंजिन १४५ न्यूटन-मीटर देत असेल तर हा दाब येतो १२ बार. वरच्या एक लिटर टर्बोचा येतो २१. टोयोटाच्या जीआर यारिसमधलं १.६ लिटरचं तीन सिलिंडर इंजिन ३७० न्यूटन-मीटर देतं. तिथे तो २८च्या पुढे जातो. पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग हे सगळं दर फेऱ्याला हा दाब सोसत असतं. तुम्ही त्यासाठी भाग मजबूत केलेत, पिस्टनखाली ऑइलचे फवारे दिलेत, हेही मी पाहतो. तरी चुकीला जी जागा जुन्या इंजिनात होती ती इथे उरलेली नाही. निकृष्ट ऑइल घालून, सर्व्हिस लांबवून जुनं इंजिन कुरकुरत का होईना चालायचं. हे इंजिन तसं चालत नाही.

पॉवरच्या आकड्यापासूनच सुरुवात करू. आयएसओ १५८५ या मानकाने पॉवर मोजताना संदर्भ हवा २५ अंश सेल्सियसची धरतात आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल. मोजणीला काहीतरी आधार लागतोच, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण रस्त्यावरची हवा २५ अंशांवर थांबत नाही. लांब चढावर, गाडी भरलेली, एसी चालू, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापलेला, अशा वेळी ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पार्क मागे घेतो म्हणजे उशिरा देतो, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) उतरवतो, आणि मालक म्हणतो की गाडीची ओढ गेली. गाडीत बिघाड काहीच नसतो. इंजिन स्वतःला वाचवत असतं, आणि ते तसं वाचवेल हे मालकाला कुणी सांगितलेलं नसतं.

पेट्रोलचंही तसंच. छापलेला आकडा कोणत्या ऑक्टेनवरचा, म्हणजे अवेळी न पेटण्याची किती क्षमता असलेल्या पेट्रोलवरचा? बहुतेक पत्रकं गप्प असतात. मॅन्युअल उघडावं तर ‘किमान ९१, शिफारस ९५’ असं काहीतरी सापडतं, पण किमानवर चालवलं तर काय कमी होईल ते तिथेही नसतं. हे सांगता येतं, आणि एका कंपनीने सांगूनही दाखवलं आहे. माझदाने २०१६ च्या सीएक्स-९ मधल्या २.५ लिटर टर्बो इंजिनाचे अमेरिकेत दोन आकडे दिले: साध्या ८७ ऑक्टेनवर २२७ हॉर्सपॉवर, ९३ वर २५०. (ही तिकडची ऑक्टेन मोजण्याची पद्धत, तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडे वापरतात त्या आरओएन मोजणीत ९१-९२ च्या आसपास.) घेणाऱ्याने दोन्ही आकडे वाचले आणि आपल्याला काय परवडतं ते ठरवलं. बाकीच्यांनी हे का करू नये?

इंजिनाची गरज मालकापर्यंत पोचली नाही तर काय होतं, याचा धडा टर्बो पेट्रोल गाड्यांच्या पहिल्याच वर्षी मिळालेला आहे. १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर आली. साडेतीन लिटरचं व्ही-८, २१५ हॉर्सपॉवर, आणि टर्बो असूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) १०.२५ ला एक. त्या काळात नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे धक्के) रोखायला इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं, म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडलं जायचं. टाकी रिकामी झाली की बूस्ट रोखला जाईल अशी सोयही होती. पण मालकांनी ती टाकी भरत राहायला हवी होती, आणि पुष्कळांनी भरली नाही. दोन वर्षांत मॉडेल बंद पडलं. पुढे कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून कंपनीनेच साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. आज ती टाकी नाही. तिच्या जागी ऑइलचा नेमका ग्रेड, पेट्रोलचा ऑक्टेन आणि ऑइल बदलण्याचं अंतर आहे, आणि तिन्ही गोष्टी मालकाला तितक्याच अनोळखी आहेत.

आता ऑइल. या पत्राचं खरं कारण तेच आहे.

कमी आरपीएमवर भरपूर बूस्ट मागितला की कधी कधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल आणि पेट्रोल मिसळून वरच्या रिंगच्या वर साचतं, त्याचा थेंब सुटतो आणि तोच ठिणगीचं काम करतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने (इंजिन आतून स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनाने) हे वाढतं, मॅग्नेशियमच्या डिटर्जंटने तेवढं होत नाही, हे प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. म्हणूनच २०१८ च्या मे महिन्यात एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस हा ऑइलचा दर्जा आला आणि मे २०२० मध्ये एपीआय एसपी. त्यातली यासाठीची चाचणी फोर्डच्या दोन लिटर इकोबूस्ट इंजिनावर घेतली जाते. म्हणजे अख्ख्या ऑइल उद्योगाने तुमच्या इंजिनांसाठी रसायन बदललं, आणि पत्रकात त्याला एक ओळ मिळत नाही.

अशा प्री-इग्निशनने गेलेला पिस्टन कसा दिसतो ते सांगतो, कारण तुमच्या विक्री विभागातल्या कुणी तो हातात घेतला असेल असं वाटत नाही. वरून तो धड असतो. माथा वितळलेला नाही, भोक नाही, व्हॉल्व्हचा मार नाही. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं असतं, बाकीच्यांचं ठणठणीत. पिस्टन बाहेर काढून पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या कडेवर नख फिरवलं की एका जागी ती कड किंचित हलते. रिंगा काढल्या की बोटाच्या पेरापेक्षा लहान असा अॅल्युमिनियमचा तुकडा सुटून तळहातावर येतो. तुटलेली बाजू चकचकीत, दाणेदार. गाडी मालकाने जपून चालवलेली असते, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, मायलेजसाठी. हे इंजिन १३०० आरपीएमवर टॉप गिअरमध्ये दाबू नये, एक गिअर उतरावं, हे त्याला कुणी सांगितलं होतं? आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर तो निवडतच नाही. गिअर निवडतो तुमचा प्रोग्राम, आणि मायलेजचा आकडा चांगला यावा म्हणून इंजिन खालच्या आरपीएमवर ठेवायचं हे तुम्ही ठरवलेलं असतं. अशा वेळी दोष ड्रायव्हरच्या सवयीवर टाकणं मला मान्य नाही.

ऑइलच्या जाडीबद्दलही मोकळेपणाने बोला. ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडच्या ऑइलची १५० अंशांवर, भाराखाली मोजलेली जाडी, जिला एचटीएचएस म्हणतात, ती किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद असावी लागते. एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी३ दर्जाच्या ऑइलला किमान ३.५ लागते. पातळ ऑइलने इंधन वाचतं, जाड ऑइल बेअरिंगवर जास्त भरीव थर धरतं. काही इंजिनांना एका देशाच्या मॅन्युअलमध्ये एकच पातळ ग्रेड दिलेला असतो आणि दुसऱ्या देशात त्याच इंजिनाला जाड ऑइलही चालतं. इंजिन जर तेच, तर सतत भाराखाली गाडी चालवणाऱ्याला जाड ऑइलचा पर्याय आहे की नाही, याचं सरळ उत्तर द्या. मी गॅरेजमध्ये अंदाजाने ते देऊ नये असं मला वाटतं.

शिवाय ऑइल जसं घातलं तसं राहत नाही. थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, गार इंजिनावर छोट्या छोट्या फेऱ्या झाल्या की थोडं पेट्रोल भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं, नाही तापलं तर साचत जातं. २०१८ मध्ये चीनच्या थंड भागात होंडा सीआर-व्हीच्या दीड लिटर टर्बोमध्ये हेच झालं. ऑइलची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढू लागली, आणि कंपनीला तिथे गाड्या परत बोलवाव्या लागल्या, विक्रीही काही काळ थांबवावी लागली. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं पाहून खूश होणारे मालक मी पाहिले आहेत. डिपस्टिक नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास येतो; तो ओळखायला त्यांना मॅन्युअलमध्ये एक वाक्य पुरलं असतं.

आणि तरी पत्रकात ऑइल बदलण्याचं अंतर १५,००० किलोमीटर. मॅन्युअलच्या मागे ‘कठीण वापर’ असं एक कोष्टक असतं, त्यात अंतर जवळपास निम्मं. कठीण वापर म्हणजे काय, तर छोट्या फेऱ्या, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, धूळ, बराच वेळ जागेवर चालू ठेवलेलं इंजिन. ही यादी वाचून मला सांगा, शहरात राहून तिच्यात न बसणारा माणूस कोण? नेहमीचा वापर तुम्ही कठीण म्हणून मागे टाकलात आणि क्वचितचा वापर पुढे छापलात. निम्मं अंतर पुढे छापा. लांब रस्त्यावर चालवणाऱ्याला हवं तर वाढीव अंतर कोष्टकात द्या.

टर्बोबद्दल लोक घाबरतात तेवढं घाबरायला नको. शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतो, एका बाजूला हजार अंशांच्या आसपासचा एक्झॉस्ट, आणि मध्ये ऑइलचा पातळ थर. एवढं सोसून चांगले टर्बो इंजिनाइतके टिकतात. ते मरतात ते बहुतेक वेळा ऑइल न पोचल्याने. निकामी टर्बोची ऑइल लाइन मी उभी कापून पाहतो. आत काळा, काचेसारखा कडक थर असतो, ऑइल जळून बसलेला, आणि उरलेल्या भोकातून जेमतेम टाचणी जावी. काही इंजिनांत त्या लाइनच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते; ती पार बुजलेली. पाइप आणि जाळी न बदलता नुसता नवा टर्बो बसवला की तोही थोड्याच दिवसांत जातो आणि मालक दुसऱ्यांदा पैसे भरतो. तुमच्यातल्या अनेकांनी बेअरिंगभोवती पाणी खेळवलं आहे, इंजिन बंद केल्यावरही चालणारा इलेक्ट्रिक पंप दिला आहे. मग हे छापत का नाही? खरेदी करणाऱ्याला दोन गाड्यांत निवड करताना सनरूफपेक्षा हे उपयोगी पडेल.

सगळ्यात जास्त राग मला ऑइलमध्ये बुडवलेल्या टायमिंग बेल्टचा (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्याचा) येतो, आणि तो लपवणार नाही. घर्षण कमी, आवाज कमी, थोडं इंधन वाचतं, कारणं मला माहीत आहेत. फोर्डचं एक लिटर इकोबूस्ट २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलं, त्यात असा बेल्ट होता. प्यूजो-सित्रोएनच्या १.२ प्युअरटेकमध्येही होता. पण पेट्रोल मिसळलेलं ऑइल त्या रबराला फुगवतं, मऊ करतं. बेल्ट तुटायच्या कितीतरी आधी त्याचे तंतू सुटतात आणि ऑइल पंपाच्या गाळणीवर काळ्या गाळासारखे बसतात. मग दाब पडतो आणि इंजिन उपाशी राहतं. २०२४ मध्ये स्टेलांटिसला (प्यूजो-सित्रोएनच्या मालक कंपनीला) प्युअरटेकसाठी दहा वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत संरक्षण वाढवून द्यावं लागलं; याच इंजिनाच्या नव्या आवृत्तीत चेन आली आहे. फोर्डने २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत इकोस्पोर्ट आणि फोकसमधल्या एक लिटर इंजिनाच्या ऑइल पंप बेल्टच्या टेन्शनरसाठी (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागासाठी) गाड्या परत बोलावल्या. पत्रकात या बेल्टचा उल्लेखही नव्हता. बेल्ट आहे की चेन, कोरडा आहे की ऑइलमधला, आणि किती किलोमीटरला बदलायचा, एवढं एका ओळीत मावतं.

चेन असली म्हणजे सुटलो असंही नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या १.४ टीएसआयला चेनच्या टेन्शनरने पुरेसा त्रास दिला, आणि २०१२ पासूनच्या नव्या ईए२११ मालिकेत त्यांनी कोरडा बेल्ट घेतला. चूक सुधारायची तुमची ताकद मला त्यात दिसते. पण ‘आयुष्यभर चालेल’ असं जेव्हा चेनबद्दल किंवा कूलंटबद्दल लिहिता तेव्हा किती किलोमीटरचं आयुष्य धरलंत तो आकडाही लिहा. दीड लाख धरलं असेल तर दीड लाख लिहा.

इनटेक व्हॉल्व्हवर बसणाऱ्या काजळीबद्दल थोडक्यात. पेट्रोल थेट सिलिंडरात गेल्यावर व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) ऑइलची वाफ त्यांच्यावर भाजून बसते. टोयोटाने दोन्ही जागी इंजेक्टर देऊन हे सोडवलं. ज्यांनी तसं केलेलं नाही, त्यांनी सफाई कधी लागेल ते सर्व्हिसच्या वेळापत्रकात घालावं, एवढंच.

राहिला प्रश्न टिकाऊपणाच्या आकड्याचा. टेस्ट बेडवर पूर्ण भाराखाली शेकडो तास, गार-गरम, गार-गरम असे हजारो फेरे तुम्ही इंजिनाला देता. त्यानंतर ते उघडून बेअरिंगची झीज, रिंगांचं अंतर, चेन किती ताणली हे मोजता. ही मोजमापं तुमच्याकडे आहेत. ती दाखवा. प्रतिस्पर्धी पाहतील असं सांगू नका. ते तुमची गाडी बाजारात येताच विकत घेऊन बोल्टन्‌बोल्ट सुटी करतात आणि हे सगळं त्यांना कळतं. कळत नाही ते गाडी घेणाऱ्याला आणि पुढे ती दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याला. झिजेच्या मर्यादा, बोल्टांचे टॉर्क, सॉफ्टवेअर बदलाच्या नोंदी आम्हाला इकडून तिकडून मिळवाव्या लागतात. कित्येकदा एक अपडेट येऊन कमी आरपीएमवरचा बूस्ट गुपचूप उतरवला जातो आणि गाडीचा स्वभाव बदलतो. का बदलला ते मालकाला माहीत नाही, मलाही नाही. अपडेटच्या वेळी ‘प्री-इग्निशन टाळण्यासाठी अमुक आरपीएमखाली टॉर्क कमी केला आहे’ एवढं बिलावर छापून द्या. त्याने तुमच्यावरचा विश्वास कमी होणार नाही. मी तर असं बिल पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवीन.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या मॉडेलच्या पत्रकाचा मसुदा करत असेल तर पॉवरच्या ओळीत ऑक्टेन आणि टॉर्कच्या ओळीखाली ऑइलचा दर्जा घालून तो वरिष्ठांकडे पाठवा. विक्री विभागाने त्या ओळी खोडल्या तर का खोडल्या, ते लेखी मागा. आणि ते कारण आम्हालाही कळवा.

कळावे,
आपला,
एक इंजिन मेकॅनिक